चौघांचा तक्ता

वेनश्योंगने सहलीचा तक्ता लॅमिनेट करून आणला आणि जेवणाच्या टेबलावर, बोकडाच्या रश्श्याच्या पातेल्याशेजारी, दोन्ही हातांनी ठेवला.

"रस्सा सांडला तरी पुसता येईल," तो म्हणाला. "आधीच विचार करून ठेवलाय."

चुआंग वेनश्योंग म्हणजे आमच्या गांगशानमधल्या एका स्क्रूच्या कारखान्याचा नियोजनप्रमुख. आमच्या गावात गल्लोगल्ली स्क्रू बनतात. तुम्ही आत्ता ज्या खुर्चीवर बसून हे वाचताय, तिचा एखादा स्क्रू आमच्याकडचा असू शकतो, तेव्हा जरा मानाने बसा. वेनश्योंगच्या वीस वर्षांच्या नोकरीत एकही कंटेनर उशिरा निघाला नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायचा त्याला धीर नसे.

नव्या वर्षाच्या जेवणाला त्याने घरात जाहीर केलं होतं, "ह्या उन्हाळ्यात सगळं कुटुंब परदेशी!" त्याला कारणही होतं. थोरली यीजेन सतरा वर्षांची झाली होती आणि पुढच्या वर्षी कॉलेजसाठी तैपेईला जाणार होती. पोरं एकदा घराबाहेर पडली की मग पाहुण्यासारखीच येतात, हे वेनश्योंगला माहीत होतं, आणि ते आठवलं की त्याचा जीव थोडा थोडा व्हायचा. सगळं कुटुंब एकदा एकत्र फिरून यावं, एवढीच त्याची इच्छा होती. जूनमध्ये त्याने बायकोपोरांचे पासपोर्ट केले, तिकिटं काढली, आणि कुठे जायचं ते मात्र आज, निघायला आठ दिवस उरल्यावर सांगितलं.

"पेनांग!" तो म्हणाला. "मलेशिया! एकाच बेटावर शहर पण आणि समुद्र पण. यीजेनला शहर हवं ना? तीन दिवस शहर. भिंतींवरची चित्रं बघ, कॉफी पी, कपडे घे. बोयानला समुद्र हवा ना? तीन दिवस समुद्र. तुमच्या आईला सहाही दिवस स्वयंपाकाला सुट्टी. आणि तिकिटं इतकी स्वस्त, इतकी स्वस्त, की मी दोनदा चष्मा पुसून बघितलं."

चौदा वर्षांच्या बोयानने आनंदाने चॉपस्टिक्स आपटल्या. यीजेनने तक्ता जवळ ओढला. सकाळी साडेसहापासून पंधरापंधरा मिनिटांचे चौकोन आखलेले होते. 'समुद्राकडे पाहणे, २० मिनिटं' असाही एक चौकोन होता. वर चार रकाने होते: बाबा, आई, यीजेन, बोयान.

टेबलाशी मात्र पाच माणसं जेवत होती.

पाचव्या म्हणजे वेनश्योंगच्या आई, चुआंग आजी. वय एकोणऐंशी. रश्श्यातली हाडं त्या शांतपणे वाटीत काढत होत्या. त्यांनी तक्त्यावर एक नजर टाकली.

"चौघंच का?"

"आई, तुला कुठे ती दगदग!" वेनश्योंग म्हणाला. "विमान, ऊन, तिथली परकी भाषा. मी तीन महिने इंग्रजी घोकतोय, मला तरी जमतंय का बघायचं. आणि देवापुढे उदबत्ती कोण लावणार? तुझी सगळी सोय केलीय. शेजारच्या काकू रोज डोकावून जातील."

"बरी सोय केलीस हो," आजी म्हणाल्या आणि आणखी एक हाड वाटीत टाकलं. वेनश्योंगला वाटलं, आपलं कौतुकच झालं. यीजेनने मात्र आजीकडे बघितलं आणि खाली मान घालून ती भात चिवडत बसली.

"कुठल्या तारखेला निघताय?" आजींनी विचारलं.

"चोवीसला."

आजी उठल्या. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, चांद्रतिथीचं. त्याची पानं त्यांनी अंगठ्याने सावकाश उलटली.

"सातव्या महिन्याचा दुसरा दिवस," त्या म्हणाल्या.

सातव्या महिन्यात पाताळाचं दार उघडतं आणि ज्यांना घरदार नाही असे सगळे आत्मे महिनाभर सुट्टीवर वर येतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यांना भूत म्हणायचं नसतं, राग येतो. भाऊमंडळी म्हणायचं. त्या महिन्यात आम्ही लग्न करत नाही, घर घेत नाही, प्रवास टाळतो, आणि समुद्रात तर पायही घालत नाही. भाऊमंडळी पाय ओढतात.

"तरीच म्हटलं तिकिटं इतकी स्वस्त कशी!" वेनश्योंगची बायको मेइयुए म्हणाली. "अहो, वीस वर्षं कंटेनर वेळेवर पाठवता ना? मग भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं नाही होय?"

वेनश्योंगने चष्मा पुसून कॅलेंडर पुन्हा बघितलं. पण हार मानेल तर तो नियोजनप्रमुख कसला!

"आई, भाऊमंडळी इथली," तो म्हणाला. "आपण जाणार परदेशी. तिकडे जायला पासपोर्ट लागतो."

"पासपोर्ट तुला लागतो. त्यांना तिकीटसुद्धा लागत नाही. आणि सातव्या महिन्यात निघालात ते निघालात, वर चौघं! चार!"

चार हा आकडा आमच्याकडे इतका वाईट की दवाखान्यात तिसऱ्या मजल्यानंतर थेट पाचवा येतो. बोयानने रश्श्यातली उचललेली चौथी फोड गुपचूप परत ठेवली.

"माझं काही म्हणणं नाही बाबा," आजी म्हणाल्या. "मला कोण विचारतंय? तू देवीला विचार. ती हो म्हणाली तर खुशाल जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही जण दर्यादेवीच्या देवळात गेले. वेनश्योंग शिकलेला माणूस आहे, पण त्याच्या कारखान्यात प्रत्येक मशीनवर, मशीनने नीट वागावं म्हणून, हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ ठेवलेला असतो. तेव्हा विज्ञानाच्या गोष्टी आम्हाला सांगू नका.

आमच्याकडे कौल लावतात तो दोन लाकडी तुकड्यांनी. चंद्रकोरीच्या आकाराचे, एक बाजू सपाट, एक फुगीर. नाव, पत्ता, जन्मतारीख सांगायची, प्रश्न विचारायचा आणि तुकडे जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर हो. दोन्ही फुगीर वर आले तर नाही. आणि दोन्ही सपाट वर आले तर देवी हसतेय, म्हणजे प्रश्नातच काहीतरी घोळ आहे. मोठ्या कामाला सलग तीन 'हो' लागतात.

वेनश्योंग गुडघे टेकून बसला. "माते, आम्ही चौघं पेनांगला जाऊ का?"

टक्, टक्. दोन्ही सपाट. देवी हसली.

"तारीख सांगायची राहिली," तो म्हणाला आणि तारीख सांगून पुन्हा टाकले. देवी पुन्हा हसली. मग त्याने विमानाचा नंबर सांगितला, हॉटेलचा पत्ता सांगितला, पिशवीतून तक्ता काढून देवीसमोर धरला. देवी तिसऱ्यांदा हसली.

"वेनश्योंग," देवळातले शू काका मागून म्हणाले, "देवी आहे ती, कस्टमचा साहेब नाही. थोडक्यात विचार की."

"बरं. आम्ही चौघं नुसतं शहरच बघू का?" देवी हसली. "चौघं नुसते समुद्रावर जाऊ का?" देवी हसली. "चौघं जाऊ, पण पाण्यात उतरणार नाही, मग?" बोयान ओरडला, "बाबा, असं काय!" आणि देवी हसली. एव्हाना मागे रांग लागली होती. फुलं घेऊन आलेल्या चार म्हाताऱ्या सगळं सोडून मजा बघायला बसल्या होत्या. सातव्यांदा दोन्ही सपाट पडले तेव्हा त्यांनी एका आवाजात मोजलं, "सा...त!"

वेनश्योंगचा शर्ट भिजला होता. "शक्यच नाही," तो म्हणाला. "सलग सात वेळा म्हणजे सोळा हजारांत एकदा होणारी गोष्ट. गणितात बसतच नाही."

"मग मोजण्यात काहीतरी चुकत असेल," शू काका म्हणाले.

तेवढ्यात यीजेन बापाच्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आजीला घेऊन जाऊ का, असं विचारून बघा ना."

वेनश्योंगने मागे वळून बघितलं. आजी खांबावरचा ड्रॅगन आयुष्यात पहिल्यांदाच बघितल्यासारखा निरखत होत्या. त्याचे कान लाल झाले. त्याने तुकडे उचलले.

"माते, आईला घेऊन... आम्ही पाच जण जाऊ का?"

एक सपाट, एक फुगीर. पुन्हा एक सपाट, एक फुगीर. तिसऱ्यांदा एक फुगीर पडला, दुसरा गोल फिरला, फिरत राहिला आणि सपाट पडला. हो! म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मी काही बोलले नाही हां," आजी म्हणाल्या. "देवीच म्हणाली." गुडघे दुखतात म्हणून एरवी देवळाच्या पायऱ्या धरून धरून उतरणाऱ्या आजी त्या दिवशी सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या.

घरी आल्याआल्या वेनश्योंगने कपाळावर हात मारला. "पासपोर्ट! आईला पासपोर्टच नाही! कामाचे दहा दिवस लागतात आणि आपल्याकडे सात!"

आजी उठल्या, देव्हाऱ्याखालचा खण उघडला आणि उदबत्त्यांच्या पुड्यामागून हिरवागार कोरा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

"हा... हा कधी केलास?"

"भिंतीवर लावायचा माझा फोटो काढायला गेले होते," आजी म्हणाल्या. आमच्याकडची म्हातारी माणसं आपल्या माघारी लागणारा फोटो आधीच, अंगात चांगला सदरा असताना काढून ठेवतात. "दोन जास्तीचे आले. म्हटलं वाया कशाला घालवा." आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. तिथून बरण्या खडखडल्याचा आवाज आला. परदेशी जाताना गांगशानची तिखट सोयाचटणी बरोबर हवी, म्हणून त्या तीन बरण्या फडक्यांत गुंडाळत होत्या.

विमानात पाचवी जागा मिळाली, पण तक्त्याचे मात्र बारा वाजले. खोली चौघांची होती, टॅक्सी चौघांची होती, नाश्त्याची कूपनंसुद्धा चार होती. वेनश्योंग सात दिवस खाडाखोड करत होता, आणि लॅमिनेट केलेल्या तक्त्यावर खाडाखोड होत नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

पेनांगला पोचल्यावर त्याचा जोर पुन्हा परत आला. पहिल्याच संध्याकाळी तक्त्यात 'स्थानिक कला' होती. शहरातल्या एका गल्लीत उघड्यावर स्टेज बांधलं होतं, लाल दिवे लावले होते, चकचकीत झग्यातली एक बाई गात होती. खुर्च्या गच्च भरल्या होत्या, पार मागे लोक उभे होते, आणि सगळ्यात पुढची रांग पूर्ण मोकळी होती.

"बघा!" वेनश्योंगची छाती फुगली. "पहिली रांग! वेळेवर आलं की असं होतं. ह्याला म्हणतात नियोजन."

पाचही जण ऐटीत जाऊन बसले. प्रत्येक खुर्चीवर पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा होता. "पाहुणचार बघा लोकांचा," वेनश्योंग म्हणाला, आणि बोयानने पुडा फोडला.

स्टेजवरच्या बाईचा सूर घसरला. मग ती थांबलीच. ढोलवाला थांबला. वेनश्योंगने मागे वळून बघितलं, तर दोनशे माणसं श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होती. बाजूने एक सत्तरीचे गृहस्थ तरातरा चालत आले. छातीवर मंडळाचा बिल्ला होता, खॉर असं नाव होतं.

वेनश्योंग हसून उठला. तीन महिने घोकलेलं इंग्रजी शेवटी कामाला येणार होतं. "थँक्यू! व्हेरी नाइस शो!"

"नाइस शो कसला, मेल्या!" खॉर काका ओरडले. "ऊठ! भाऊमंडळींच्या खुर्च्या आहेत त्या!"

हे त्यांनी इंग्रजीत म्हटलं नाही की मलयमध्ये म्हटलं नाही. शुद्ध आपल्या बोलीत म्हटलं, ज्या बोलीत आजी घरी कोंबड्या हाकलतात. कधीकाळी एकाच किनाऱ्यावरून निघालेली माणसं, काही आमच्या बेटावर उतरली आणि काही पेनांगला. वेनश्योंगने तिथला पाऊस, भरती-ओहोटी, अंतरं, सगळं वाचलं होतं. तिथे लोक काय बोलतात आणि सातव्या महिन्यात काय करतात, एवढंच वाचायचं राहून गेलं होतं. भाऊमंडळींपासून पळून तो थेट त्यांच्या मांडीवर येऊन बसला होता.

बोयानच्या तोंडातलं बिस्किट तसंच राहिलं. मेइयुए रडकुंडीला आली. मागून कुणी म्हणालं, "आता वर्षभर काही खरं नाही बिचाऱ्यांचं."

आजी उठल्या. त्यांनी सदरा नीट केला, खुर्च्यांकडे तोंड केलं आणि हात जोडून खणखणीत आवाजात बोलायला लागल्या.

"भाऊमंडळींनो, मी गांगशानची चुआंग. हा माझा मुलगा वेनश्योंग. स्वभावाने चांगला आहे, हुशार आहे, कारखान्यात त्याला मान आहे. पण त्याला मोजता येत नाही. समोर रिकामी खुर्ची दिसली की ती त्याला रिकामीच वाटते. जे गप्प बसतात, त्यांना तो धरतच नाही. त्याला माफ करा. मी केलंय."

वेनश्योंगला बाकी सगळं आधीच कळलं होतं; 'मी केलंय' हे शब्द मात्र त्याच्या काळजात गेले. त्याने मान खाली घातली आणि आईशेजारी उभं राहून हात जोडले.

आजींनी पिशवीतून चटणीच्या बरण्यांपैकी सगळ्यात मोठी बरणी काढली, झाकण उघडून बिस्किट फोडलेल्या खुर्चीवर ठेवली, आणि खॉर काकांकडे कौलाचे तुकडे मागितले. तीन वेळा टाकले. तिन्ही वेळा हो. लोकांनी सुस्कारा सोडला, ढोल वाजला, आणि बाईने गाणं सोडलं होतं तिथूनच उचललं.

खॉर काकांनी बरणीचा वास घेतला. "ताई, ह्यात काय काय घालता हो?" मग त्यांनी चुआंग कुटुंबाकडे एकदा बघितलं आणि मागे ओरडले, "अरे, पाच खुर्च्या आणा!" एका नजरेत त्यांनी बरोबर मोजलं होतं.

पुढचे पाच दिवस तक्ता कुणी बघितला नाही. खॉर काकांची जुनी व्हॅन होती, तिच्यात पाचही जण मावायचे. काकांच्या बहिणी आजींना घरोघर न्यायच्या, आणि त्या घरांमागच्या गल्ल्यांतून जाताना यीजेनला अशी चित्रं दिसली जी कुठल्याच नकाशात नव्हती. समुद्रावर गेल्यावर आजींनी नियम घातला, "कौल मिळालाय म्हणून पाणी गुडघ्यापर्यंत. त्याच्यावर भाऊमंडळींची हद्द." बोयानने क्षणभर विचार केला आणि गुडघाभर पाण्यात आडवा झाला. "गुडघ्यापर्यंतच आहे आजी, बघा!" आजी रागावणार होत्या, पण नातवाच्या डोक्याचा त्यांना इतका अभिमान वाटला की त्यांनी ही गोष्ट पुढे सगळ्या गांगशानला सांगितली.

मग त्या स्वतःही उतरल्या. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, एका हाताने लेकाचा हात घट्ट धरून. तक्त्यात 'समुद्राकडे पाहणे' वीस मिनिटं होतं. मायलेक तिथे दोन तास उभे होते.

परतीच्या विमानात सगळ्यांचे पासपोर्ट वेनश्योंगकडे होते. सहज चाळता चाळता तो आजींच्या पासपोर्टवर थांबला.

"मार्च? आई, हा मार्चमध्ये काढलाय! तेव्हा तर मी तिकिटंही काढली नव्हती."

आजींनी डोळे मिटून घेतले. यीजेन खिडकीतून ढग बघायला लागली. बापाने तिच्याकडे बघितलं.

"मीच नेलं आजीला," शेवटी ती म्हणाली. "फॉर्म भरला, फोटो काढला. नव्या वर्षाच्या जेवणाला तुम्ही म्हणालात ना, सगळं कुटुंब, म्हणून. देवळातही जाऊन आलो आम्ही."

"मार्चमध्येच? काय विचारलंत देवीला?"

"मीच विचारलं," आजी डोळे न उघडता म्हणाल्या. "म्हटलं, माझा मुलगा आपणहून मला बरोबर नेईल का?"

"मग?"

"हसली."

वेनश्योंगने आईचा हात हातात घेतला. मग लेकीकडे बघितलं. सतरा वर्षांची पोर, पाच महिने आधी कागदपत्रं तयार, घरात कुणाला पत्ता नाही, आणि ऐन वेळी, नेमक्या क्षणी, नेमका प्रश्न. तैपेईच काय, ही पोरगी कुठेही गेली तरी कुणाला विसरून जाणार नव्हती. त्याचा ऊर असा भरून आला की त्याला राहवेना. त्याने शेजारच्या अनोळखी प्रवाशाला कोपराने ढोसलं.

"माझी मुलगी," तो म्हणाला. "बघितलंत? नियोजन आमच्या रक्तातच आहे!"

"माझ्या," आजी म्हणाल्या. "तुझ्यापर्यंत येताना जरा पातळ झालं होतं."